प्रयोगशाळेतल्या क्लिकची रोजकीर्द कोण ठेवणार?

एप्रिल २०२३ या एकाच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने विज्ञानासाठी दोन मोठ्या रकमा मंजूर केल्या. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये आणि राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. आरसे, लेझर, क्रायोस्टॅट, क्यूबिट या सगळ्यांची वर्णने झाली. एक साधा प्रश्न मात्र माझ्या वाचनात कोठे आला नाही. देशभर जी उपकरणे विकत घेतली जातील, त्यांच्यासमोर बसून पीएचडीचा विद्यार्थी ज्या पडद्यावर क्लिक करणार आहे, तो पडदा कोण लिहिणार? आणि त्या क्लिकची नोंद कोठे राहणार?

लायगोसारख्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची मला काळजी वाटत नाही, तेथे नोंदींची शिस्त यंत्रासोबतच येते. माझी तक्रार आपल्या विद्यापीठांतल्या आणि संशोधन संस्थांतल्या त्या असंख्य लहान प्रयोगशाळांविषयी आहे, जेथे मोजमापाचा कार्यक्रम कुणीतरी एका उन्हाळ्यात लिहिलेला असतो आणि पुढची दहा वर्षे तोच चालतो. माझे म्हणणे रोखठोक आहे. वापरकर्त्याने विदेवर केलेली प्रत्येक कृती नाव, मापदंड आणि क्रम यांसह जपून ठेवत नाही, ते सॉफ्टवेअर वैज्ञानिक उपकरण म्हणवून घेण्यास पात्र नाही. ते कितीही देखणे असो. आणि ही उणीव दूर करण्याचा मार्ग गेली तीस वर्षे प्रत्येक संगणकशास्त्राच्या पदवीधराच्या अभ्यासक्रमात पडून आहे. त्याचे नाव कमांड पॅटर्न.

हे नाव ऐकून संगणकशास्त्राचे विद्यार्थी जांभई देतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी ते आठ गुणांच्या प्रश्नासाठी पाठ केलेले असते. चार चौकोन, तीन बाण, ‘इन्व्होकर’, ‘रिसीव्हर’, आणि उदाहरण म्हणून दूरचित्रवाणीचा रिमोट किंवा दिव्याचे बटण. दिवा लावणे आणि विझवणे यांसाठी चार क्लास कशाला, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येतो, आणि तो अगदी रास्त आहे. दिव्यासाठी खरोखरच त्यांची गरज नाही. ज्या अडचणीतून हा पॅटर्न जन्मला ती अडचणच आपण वर्गात दाखवत नाही. मग औषध कडू आणि निरर्थक वाटले तर दोष कुणाचा?

तेव्हा खरी अडचण पाहू. समजा, आपण रामन वर्णपट हाताळणारा एक लहानसा कार्यक्रम लिहीत आहोत. (२८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो याच परिणामासाठी, म्हणून उदाहरण घरचेच.) कार्बनच्या नमुन्याच्या वर्णपटात दर सेंटिमीटरला साधारण १३५० आणि १५८० या तरंगसंख्यांजवळ दोन ठळक शिखरे असतात. पहिल्याचे दुसऱ्याशी गुणोत्तर काढून नमुन्यातील दोषांविषयी अनुमान केले जाते. पण शिखरे मोजण्याआधी त्यांच्याखालची पार्श्वभूमी, म्हणजे बेसलाइन, वजा करावी लागते. ती सरळ रेषा मानायची की तिसऱ्या घाताची बहुपदी, कोणत्या टप्प्यातले बिंदू धरायचे, हे माणूस ठरवतो. गुणोत्तर त्यानुसार बदलते, आणि शोधनिबंधातला निष्कर्षही बदलू शकतो.

आता नवशिका हा कार्यक्रम कसा लिहितो? पडद्यावर ‘बेसलाइन काढा’ असे बटण ठेवतो, आणि ते दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये सगळे कोंबतो: चौकटीतला आकडा वाचा, बहुपदी बसवा, वजाबाकी करा, आलेख पुन्हा काढा, फाइल लिहा. चाळीस ओळी. मार्गदर्शकांना तेच काम मेनूतूनही हवे असते, म्हणून त्या ओळींची दुसरी प्रत मेनूमागे जाते. पुढे कुणाला कळफलकावरून शॉर्टकट हवा होतो, तिसरी प्रत. वर्षभराने पहिल्या प्रतीतली एक चूक सुधारली जाते आणि उरलेल्या दोन तशाच राहतात. आता बटणाने आणि मेनूने दोन वेगळी उत्तरे मिळतात, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रतींचा हा गोंधळ त्यातल्या त्यात बरा, कारण तो एक ना एक दिवस सापडतो. अधिक वाईट गोष्ट दिसतच नाही. बटण दाबले गेले, काम झाले, फंक्शन संपले. काय केले गेले याची खूण उरली नाही. मागे राहिला तो बदललेला वर्णपट. त्या वर्णपटाकडे पाहून कोणती बहुपदी वजा झाली हे सांगता येत नाही, जसे ताळेबंदातली अखेरची शिल्लक पाहून वर्षभरात कुणाकुणाला पैसे दिले हे सांगता येत नाही. जुन्या हिशेबनीसांना हे नीट ठाऊक होते. म्हणून ते आधी रोजकीर्द लिहीत, मग तिच्यावरून खतावणी करीत. खतावणी जळाली तर रोजकीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. उलटे करता येत नाही.

कमांड पॅटर्न म्हणजे सॉफ्टवेअरची रोजकीर्द. ‘बेसलाइन वजा करणे’ ही कृती येथे फंक्शनच्या पोटात दडत नाही, तिला स्वतःचे अस्तित्व मिळते. ती एक वस्तू होते, ऑब्जेक्ट होते. कोणत्या वर्णपटावर, कोणत्या टप्प्यात, कितव्या घाताची बहुपदी, हे सारे ती स्वतःजवळ बाळगते. तिला दोन गोष्टी येतात: स्वतःला पार पाडणे आणि स्वतःला मागे घेणे. बटणाला वर्णपटाची काहीही माहिती नसते. त्याच्या हाती एक आज्ञा दिलेली असते आणि दाबले की ते तिला ‘पार पड’ एवढेच सांगते. मेनूच्या आणि शॉर्टकटच्या हातीही तीच आज्ञा असते, त्यामुळे तीन प्रतींचा प्रश्न मुळातच मिटतो. पार पडलेली प्रत्येक आज्ञा एका चवडीवर जाऊन बसते. ‘अनडू’ म्हटले की वरची आज्ञा मागे घेतली जाते आणि दुसऱ्या चवडीवर ठेवली जाते. ‘रीडू’ म्हटले की ती परत येते. मध्येच नवी आज्ञा दिली, तर दुसरी चवड रिकामी करायची, कारण तो भविष्यकाळ आता लागू राहिलेला नाही.

एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीज यांच्या १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात तेवीस पॅटर्नांमध्ये याला जागा मिळाली, पण कल्पना त्यांची नव्हती आणि त्यांनी तसे म्हटलेही नाही. हेन्री लिबरमन यांच्या १९८५ च्या एका निबंधाकडे ते बोट दाखवतात. ॲपलच्या मॅकॲपने ती रूढ केली. बर्ट्रांड मेयर यांच्या १९८८ च्या पुस्तकातही ती आहे. आज क्यूटीमध्ये ‘क्यूअनडूस्टॅक’ आणि ‘क्यूअनडूकमांड’ तयार मिळतात, जावाच्या स्विंगमध्ये ‘अनडूमॅनेजर’ आहे. म्हणजे चाक नव्याने शोधण्याचीही गरज नाही. आपल्याकडे ते वापरले जात नाही, एवढेच.

आता आक्षेपांकडे वळतो. मला ते नेहमी तीन प्रकारच्या लोकांकडून ऐकायला मिळतात.

पहिला आक्षेप ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा: आम्ही भौतिकशास्त्रज्ञ आहोत, सॉफ्टवेअर अभियंते नाही, अनडूचे बटण ही चैन आहे. यावर माझे उत्तर असे की अनडू हा या पॅटर्नचा सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत कमी महत्त्वाचा लाभ आहे. महत्त्वाची ती चवड. ती फाइलमध्ये उतरवून मूळ विदेसोबत ठेवली, की पाच वर्षांनंतर कुणीही कच्चा वर्णपट उघडून त्या आज्ञा एकामागून एक चालवू शकतो आणि छापलेल्या आकृतीपर्यंत पोहोचू शकतो. एका संस्थेतील सामायिक उपकरण केंद्रात काम करणाऱ्या विद्यार्थिनीला परीक्षकांनी विचारले होते, बेसलाइन कशी वजा केली? तिने काम काळजीपूर्वक केले होते. पण केंद्रातल्या कार्यक्रमाने काहीच जपले नव्हते, आणि तिच्या वहीत ‘बेसलाइन करेक्टेड’ एवढेच होते, कारण पडद्यावरच्या बटणावर तेवढेच लिहिलेले होते. चौदा नमुन्यांचे विश्लेषण तिला पहिल्यापासून करावे लागले. चैन म्हणायची ती कशाला?

शिवाय हा आग्रह भौतिकशास्त्राला परका आहे, हेही खरे नाही. खगोलशास्त्रज्ञांची फिट्स ही फाइल-पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षभागात ‘हिस्टरी’ नावाच्या ओळी लिहिण्याची सोय आहे, म्हणजे प्रतिमेवर कोणते संस्कार झाले याची नोंद प्रतिमेसोबतच प्रवास करते. खोडदच्या जीएमआरटीची, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांची विदा हाताळणारे अनेक जण ‘कासा’ ही प्रणाली वापरतात. तिच्या विदासंचातही इतिहासाचा वेगळा तक्ता असतो, आणि खराब विदा वगळण्याच्या खुणा जपून पूर्वस्थितीला परत जाता येते. जैवशास्त्राच्या प्रतिमांसाठी वापरल्या जाणाऱ्या इमेजजेमध्ये ‘रेकॉर्डर’ आहे. आपण मेनूतून क्लिक करत जावे आणि त्याने त्या कृतींची मॅक्रो शब्दांत लिहीत जावे. हे सगळे आपल्या विद्यार्थ्यांच्या वापरात आहे. मग आपणच लिहिलेल्या कार्यक्रमात ते का नसावे?

येथे थोडे थांबतो, कारण मुद्दा नेमका येथे आहे. आज्ञावलीच्या काळ्या पडद्यावर काम करणाऱ्या पिढीला ही अडचण नव्हती. तेथे कृती म्हणजे टंकलेला शब्द, आणि शब्द आपोआप जपला जातो, नकलता येतो, दुसऱ्याला पाठवता येतो. माउस आला आणि कृती हावभाव झाली. हावभावाला लिपी नसते. पडद्यावरची सोय वाढली आणि त्या सोयीची किंमत म्हणून आपण पुरावा देऊन टाकला, तोही कुणी न विचारता. कमांड पॅटर्न त्या हावभावाला पुन्हा शब्द देतो. म्हणूनच ‘ग्राफिकल पडदे बंद करा, सगळ्यांनी स्क्रिप्ट लिहा’ हा कडव्यांचा उपदेशही मला मान्य नाही. वर्णपटातले वेडेवाकडे शिखर डोळ्याला दिसते तसे स्क्रिप्टला दिसत नाही. डोळा आणि हात ही मोजमापाची साधनेच आहेत; ती वापरावीत, पण हिशेब ठेवून वापरावीत.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे आणि तो चांगल्या प्रोग्रामरांकडून येतो. पायथॉनसारख्या भाषेत फंक्शन हीच एक वस्तू आहे. ते चलात ठेवता येते, यादीत भरता येते. मग आज्ञेसाठी वेगळा क्लास हवा कशाला? पीटर नॉर्विग यांनी नव्वदच्या दशकातच दाखवले होते की त्या तेवीसपैकी सोळा पॅटर्न गतिमान भाषांत सोपे होतात किंवा दिसेनासे होतात, आणि कमांड त्यांपैकी एक आहे. बटणाला काम जोडण्यापुरते हे शंभर टक्के खरे आहे. पण फंक्शन चालवता येते, वाचता येत नाही. लॅम्डा नावाच्या त्या अनामिक पुडक्यात घात तीन होता की पाच, हे त्याला बाहेरून विचारून पाहा. ते फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या संगणकावर पाच वर्षांनी उघडून पाहा. आज्ञेला नाव हवे, मापदंड उघडे हवेत, आवृत्तीचा क्रमांक हवा. तुम्ही त्याला क्लास म्हणा, डेटाक्लास म्हणा, शब्दकोश म्हणा. चौकोन आणि बाण यांच्याशी माझे काही देणेघेणे नाही.

तिसरा आक्षेप असा की सगळ्याच कृती मागे घेता येत नाहीत, मग हे सोंग कशाला? हा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण त्यात भौतिकशास्त्र आहे. वर्णपट गुळगुळीत करणे, म्हणजे शेजारच्या बिंदूंची सरासरी घेणे, ही माहिती गमावणारी कृती आहे. तिला व्यवहारात उलटे फिरवता येत नाही. उलट क्रिया असते तेथेही सापळे असतात. संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या अंकगणितात ०.१ मध्ये ०.३ मिळवा आणि लगेच ०.३ वजा करा: उत्तर ०.१ येत नाही, ०.१०००००००००००००००३ येते. म्हणून ‘वजा केले होते ते पुन्हा मिळवा’ असा अनडू लिहिणारा कार्यक्रम दर खेपेस विदेला सूक्ष्म धक्का देत असतो. शहाणा मार्ग असा, की कच्च्या विदेला कधी हात लावू नये. अनडू म्हणजे चवडीतली शेवटची आज्ञा सोडून बाकीच्या आज्ञा कच्च्या विदेवर पहिल्यापासून चालवणे. वर्णपटासारख्या लहान विदेला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. विदा मोठी असेल तर अधूनमधून पूर्ण स्थिती साठवावी. यादृच्छिक संख्या वापरल्या असतील तर त्यांचे बीज आज्ञेतच ठेवावे, नाहीतर तीच आज्ञा दुसऱ्या वेळी वेगळे उत्तर देईल. आणि स्लायडर ओढताना माउसच्या दोनशे हालचाली होतात, त्यांच्या दोनशे आज्ञा करू नयेत. शेवटची किंमत ठेवून त्या एकत्र कराव्यात. क्यूटीमध्ये त्यासाठी ‘मर्जविथ’ आहे.

उपकरणाला दिलेल्या आज्ञा तर खरोखरच मागे घेता येत नाहीत. जादा विद्युतप्रवाहाने जळालेला नमुना कोणताही अनडू परत आणत नाही. पण त्यामुळे आज्ञेला वस्तू करण्याची गरज वाढते. वस्तू असलेली आज्ञा पाठवण्याआधी तपासता येते: मर्यादेत आहे का, तापमान स्थिरावले आहे का, चुंबकीय क्षेत्र वाढवण्याचा वेग ठरलेल्यापेक्षा जास्त तर नाही? ती रांगेत थांबवता येते, नाकारता येते. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. तेथे संदेश पोहोचण्यास पाच सेकंद लागतात. अवकाशयानाला कुणी माउसने ओढत नाही. आज्ञा तयार होते, पडताळली जाते, वेळ नेमून पाठवली जाते, नोंदली जाते. चूक झालीच तर ती खोडता येत नाही, भरपाई करणारी दुसरी आज्ञा द्यावी लागते, जसा हिशेबनीस चुकीची नोंद न खोडता उलट नोंद घालतो. ही शिस्त आपल्या देशात आहे. अंतराळात आहे, आणि जमिनीवरच्या टेबलावर नाही.

नोंद नसण्याचे परिणाम किती दूर जातात याचे एक जाहीर उदाहरण जनुकांच्या यादीचे आहे. स्प्रेडशीटमध्ये ‘सेप्ट २’ किंवा ‘मार्च १’ अशी जनुकांची लघुनामे टाकली की सॉफ्टवेअर त्यांच्या तारखा करून टाकत असे. हे २००४ मध्ये लक्षात आणून दिले गेले होते. २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त आलेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्र वाकले! त्या स्प्रेडशीटला अनडू होता, हे विसरू नका. पण फाइल बंद केली की चवड नाहीशी होत होती, आणि सॉफ्टवेअरने स्वतःहून केलेला बदल फाइलमध्ये कोठेही नोंदला जात नव्हता. स्मृतीत राहणारी चवड ही सोय आहे. फाइलमध्ये उतरलेली चवड हा पुरावा आहे.

या पॅटर्नचा अतिरेक होतो, हे मान्य करायला मला अडचण नाही. तीन बटणांच्या, एका दुपारपुरत्या पडद्यासाठी वीस क्लास लिहिणारे महाभागही मी पाहिले आहेत. खिडकी मोठी करणे, रंग बदलणे, आलेख जवळून पाहणे यांच्या नोंदी ठेवू नयेत. तो कचरा होतो आणि कामाच्या नोंदी त्यात हरवतात. कसोटी सोपी आहे: या क्लिकमुळे छापला जाणारा आकडा बदलू शकतो का? बदलत असेल तर ती आज्ञा.

आता दोषाची वाटणी. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी दिव्याचे बटण टाकून द्यावे आणि एक खरा वर्णपट द्यावा. विद्यार्थी चार चौकोन स्वतःच काढतील. मार्गदर्शकांनी ‘कोड चालतो ना?’ हा प्रश्न विचारणे थांबवावे. परंतु सर्वांत मोठी जबाबदारी खरेदी करणाऱ्यांची आहे. उपकरणांच्या निविदा मी वाचतो. त्यांत केल्विन असतात, टेस्ला असतात, पंपाच्या आवाजाची मर्यादासुद्धा असते. सॉफ्टवेअरसाठी बहुधा एकच शब्द असतो, ‘यूजर-फ्रेंडली’. कोट्यवधींच्या यंत्रासोबत मग जो पडदा येतो, त्यातली विश्लेषणाची नोंद एकतर ठेवलीच जात नाही किंवा ती कंपनीच्या बंद फाइलमध्ये अडकून पडते.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभे राहिले आहे. अनुदानाच्या अटी नव्याने लिहिण्याची ही वेळ आहे. मला जे कलम हवे आहे ते मी येथेच लिहून देतो, कुणी उचलले तर आनंदच: ‘सॉफ्टवेअरने वापरकर्त्याच्या, आणि स्वतःहून केलेल्या, विदा बदलणाऱ्या प्रत्येक कृतीची नोंद तिचे नाव, सर्व मापदंड, क्रम, वेळ आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती यांसह उघड्या, मजकूर स्वरूपातील फाइलमध्ये मूळ विदेसोबत ठेवावी, आणि त्या फाइलवरून सर्व विश्लेषण कच्च्या विदेपासून पुन्हा आपोआप करून दाखवावे. हे प्रात्यक्षिक उपकरण ताब्यात घेतेवेळी झाल्याशिवाय अंतिम रक्कम अदा होणार नाही.’ शेवटच्या वाक्यावर पुरवठादार सर्वाधिक आक्षेप घेतील, आणि म्हणूनच ते वगळू नये.